माणूस बसवून घेतलेलं माप

सायकलच्या हँडलला लावायचा काडेपेटीएवढा मीटर निवडायला मी सव्वा महिना घेतला. लग्नाला होकार द्यायला मला दोन दिवस पुरले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा स्वभाव लक्षात येईल. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी आयुष्यभर गणित शिकवत आले. हाताखालून गेलेली अर्धी मुलं मला अजून घाबरतात आणि उरलेली अर्धी माझी नक्कल करतात. "उत्तर बरोबर आहे, पण ते आलं कुठून?" हे वाक्य सगळ्यांना जमतं, भुवई उंचावण्यासकट.

घरी आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. नवऱ्याशी बोलताना मी 'तुमी' म्हणायची, पण इथं लिहिताना 'तो' म्हणणार आहे. 'ते' म्हटलं की तो भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसतो. गेल्या वर्षी मोहाची झाडं फुलायच्या दिवसांत तो वारला. त्याआधी चार-पाच महिने त्याच्या सायकलवर हा मीटर होता. मीटरनं एकदाही दगा दिला नाही, एका फेरीनंही तो चुकला नाही. मला राग आहे तो त्याचाच.

पोळ्याच्या आसपास नवऱ्याला धाप लागायला लागली. बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, घरापर्यंत येताना तीनदा टेकायचा. गोंदियाला नेलं, आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. हृदय अशक्त झालंय, पूर्वीसारखं रक्त ढकलत नाही, एवढं मला समजलं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ तुटलं. गुडघा अधू असल्यामुळे चालणं जमणार नव्हतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, बरं वाटलं की सायकल चालवा. गोंदियाचा माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो, डॉक्टरही तसेच. "रोज तेवढंच अंतर जा, आरामात. आणि मॅडम, तुम्ही लिहून ठेवा. रोज आठ किलोमीटर जाणारा माणूस एक दिन छह पे आ गया, तो वजह मत पूछना. सीधा लेके आना."

दम कमी पडणं ही पहिली खूण, असं त्यांनी समजावून सांगितलं. ती वेळेवर सापडली तर औषध बदलता येतं. उशीर झाला तर फारसं काही हातात राहत नाही. मी घरी येऊन नवी वही काढली आणि पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहिलं: कारण विचारू नये. लगेच नेणे.

आता कुणी म्हणेल, त्यासाठी मीटर कशाला हवा? घरापासून तलावाची पाळ म्हणजे मातीचा बांध, पाळीवरून नहर म्हणजे कालवा, नहराच्या कडेनं डांबरी रस्त्यावरच्या पुलापर्यंत आणि परत, हे आठ किलोमीटर भरतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. नवऱ्याला विचारायचं, पुलापर्यंत गेला होता का, की झालं. पण नवऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं.

तो आमच्या तलावाचा पाणकर होता. म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी आणि किती वेळ सोडायचं हे ठरवणारा माणूस. तलाव त्याच्याच पूर्वजांनी, म्हणजे तलाव बांधण्यात नावाजलेल्या कोहळी लोकांनी, बांधलेला. इटियाडोह धरणाचं पाणी आमच्या गावाच्या अलीकडेच संपतं, त्यामुळे गावाचं सगळं धान तलावावर. पाणी सोडायच्या दगडी मोरीला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तिच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या हे पाहून पाणकराला कळतं, अजून किती पाळ्यांचं, म्हणजे सगळ्या बांध्यांना किती वेळा देता येईल एवढं, पाणी उरलं आहे. एका वर्षी धान पोटरीत, म्हणजे लोंब्या बाहेर यायच्या बेतात, असताना पावसानं पाठ फिरवली. तलावात पाणी दोन पाळ्यांचं होतं. यानं गावाला सांगितलं, तीन. लोक त्या भरवशावर निंदत राहिले, खत टाकत राहिले, आणि तिसऱ्या पाळीच्या चार दिवस आधी पाऊस आला. मला हे त्यानं दिवाळीनंतर सांगितलं, तेही हसत हसत.

"पाऊस नसता आला तं?" मी विचारलं.

"आला ना."

"पण लोकायले खोटं कायले सांगतलं?"

"खरं सांगतलो असतो तं दुसऱ्याच पाळीले मारामाऱ्या झाल्या असत्या. घाबरलेला माणूस आहे तेवढं पाणीबी वाया घालवते."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. माझा राग आणखी वाढला, कारण तो बरोबर ठरला होता. तेव्हापासून मी खूणगाठ बांधली होती: काही उणं पडलं की हा माणूस ते सांगत नाही, भरलेलं सांगतो आणि वाट पाहतो. म्हणून मला त्याच्या तोंडाकडे न पाहणारी, त्याच्या हसण्याला न भुलणारी एक वस्तू हवी होती. मीटर.

पहिला आणला तो वायरवाला. पुढच्या चाकाच्या तारेला एक चुंबक, चिमट्याला म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला एक सेन्सर, आणि तिथून हँडलपर्यंत बारीक वायर. चुंबक सेन्सरसमोरून एकदा गेला की एक फेरी. आमच्या तलावाच्या पाळीवर दोन्ही बाजूंनी बेशरम नावाची रानटी वनस्पती माजलेली आहे. चौथ्या दिवशी तिच्या फांदीत वायर अडकली आणि तुटली. जोडली, पुन्हा तुटली. मग ठरवलं, बिनवायरचा घ्यायचा.

दुसरा बिनवायरचा, हलका, गोंदियाच्या एका दुकानातून. हा भलताच बेभरवशाचा निघाला. शेतातल्या पाण्याच्या मोटारीजवळ सायकल उभी केली की हा धावायला लागायचा. सायकल स्टँडवर, नवरा विडी सोडल्यापासून तोंडात धरायची लवंग चघळत बाजूला उभा, आणि मीटरवर वेग त्रेचाळीस. "पाह्य बाप्पा, मी उभ्या उभ्या नागपूरले पोचलो," असं तो शेजारणीला सांगत सुटला. मला हसू आलं नाही. मी मीटर काढून पिशवीत टाकला आणि शनिवारच्या गाडीनं परत गोंदियाला.

दुकानदार माझ्या चिकित्सेला कंटाळला होता, पण माणूस सज्जन. त्यानं मला जीपीएसचा मीटर आठवडाभर वापरून बघायला दिला. "मॅडमजी, इसमें चुंबक का झंझटही नहीं. आसमान से नापता है."

आकाशातून मोजणारा हा मीटर आमच्या पाळीवरच्या जांभळी आणि मोहांच्या खाली गेला की चाचपडायचा. वळणं गिळायचा. तोच रस्ता, तोच पूल, एक दिवस सात पॉइंट तीन, दुसऱ्या दिवशी आठ पॉइंट चार. सकाळी अंगणात काही वेळ त्याला उपग्रह सापडेपर्यंत थांबावं लागायचं, आणि नवरा थांबणाऱ्यातला नाही. शिवाय रोज चार्जिंग. मी वहीत सात दिवसांचे आकडे मांडून दुकानदारापुढे ठेवले. रोज वेगळं बोलणारा साक्षीदार मला काय कामाचा?

त्यानं माझी वही पाहिली, हसला, आणि काचेखालून चौथा काढला. बिनवायरचा, पण सेन्सर आणि मीटर यांची आपसातली खूण ठरलेली, त्यामुळे मोटार किंवा विजेच्या तारांचं ऐकून हा बहकत नाही. एक बटणाएवढी बॅटरी वर्षभर चालते. पाण्यानं बिघडत नाही. वर तो म्हणाला, "बस एक बात है मॅडम. जीपीएसवाला जगह देखता है. ये सिर्फ चक्का देखता है."

"चक्काही तो चाहिए," मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

घरी आणून मी तो रीतसर बसवला. चुंबक आणि सेन्सर यांच्यामध्ये धानाच्या दाण्याएवढी फट. मग चाकाचा घेर भरायचा होता. पुस्तिकेत तक्ता असतो, पण तक्त्यावर भिस्त ठेवणारी मी नव्हे. अंगणात खडूनं रेघ मारली, चाकावर हवेची नळी जिथं असते तिथं खूण केली, एक पूर्ण फेरी ढकलली आणि शिवणाच्या टेपनं मोजलं. दोनशे चोवीस सेंटिमीटर. नंतर नवऱ्याला सीटवर बसवलं आणि पुन्हा मोजलं, कारण माणूस बसला की टायर दबतो आणि घेर कमी होतो. दोनशे बावीस. शेजारीण कुंपणावरून पाहत होती. आमच्याहून थोडी मोठी, एकटी राहणारी, तोंडाची सडेतोड.

"काय बाई, नवऱ्याले मापून राहिली का?"

"चाकाले मापून राहिली. त्याच्यासकट."

"मंग बराबर आहे," ती म्हणाली. "नुसत्या चाकाले मापून काय फायदा."

मी दोनशे बावीस भरलं. माणूस बसवून घेतलेलं माप. दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे आठ किलोमीटरला सत्तर मीटर, तेवढीही चूक मला नको होती.

शेवटी परीक्षा. सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. नवऱ्याला समोर बसवलं मोजायला. मी पुढचं चाक हातानं फिरवत गेले, सावकाश, आणि तो पाणी मोजावं तसा लांब सुरात मोजत गेला. शंभर फेऱ्या. शंभर गुणिले दोनशे बावीस सेंटिमीटर म्हणजे दोनशे बावीस मीटर. मीटर पाहिला: शून्य पॉइंट बावीस. माझा जीव भांड्यात पडला. "पाहिलं?" मी म्हणाले. "एकबी फेरी चुकला नाई."

"हव," तो म्हणाला. चाक अजून फिरत होतं. तो त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, माझं कौतुक करतोय.

दसऱ्यानंतर रोजचं सुरू झालं. दव उतरलं की तो निघायचा. मी तोवर शाळेच्या वाटेवर. संध्याकाळी आले की हातपाय धुवायच्या आधी मीटर बघायची आणि वहीत चार रकाने भरायची: तारीख, अंतर, सरासरी वेग, शेरा. आठ पॉइंट दोन. सात पॉइंट नऊ, शेरा पंक्चर. आठ पॉइंट एक. एक दिवस शून्य, शेरा पाहुणे. सरासरी नऊ, दहा, कधी साडेदहा. चेहऱ्यावर तकाकी आली होती त्याच्या. गावात लोक म्हणायचे, बाईनं नवऱ्याला वळणावर आणलं. मी हे मनावर घेतलं नाही असं दाखवायची, पण मनात सुखावले होते.

धान घरी आलं त्या दिवसांतली एक संध्याकाळ. मी शाळेतून येते तो शेजारीण दारात. बियाण्यापुरतं हातानं झोडलेलं धान तिनं अंगणात पसरलं होतं आणि तिला आमचा टेबलफॅन हवा होता. तिच्याकडची वायर पुरेना, मग मी आमच्या खिडकीतून वायर काढून दिली, पंखा लावून दिला, कोंडा नाकातोंडात गेला. शिंका देत घरात आले, डोकं तापलेलं, चहाचं आधण उतू जाऊन चूल विझली. तशातच मीटर पाहिला. सहा पॉइंट चार.

"काऊन?" मी तिथूनच ओरडले. "काल तं आठ होते. आज सहा काऊन?"

तो ओसरीवर बसला होता. त्यानं तोंडातली लवंग गालात सरकवली. मग म्हणाला, "वारा होता समोरून."

"वारा होता म्हणून कोणी पुलाच्या अलीकडून वापस येते? उद्या आठ झाले पाहिजेत."

"होतील," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आठ पॉइंट एक झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग रोज. मी वही पाहून खूश व्हायची. सरासरी वेगही वाढत गेला, बारा, चौदा, पंधरा. एकदा तर सर्वात जास्त वेग एकतीस दिसला. मी त्याला झाप झाप झापलं, की पाळीच्या उतारावरून अशी भन्नाट सोडता सायकल, पडलात तर? तो मान खाली घालून म्हणाला, "आता हळू फिरवीन." फिरवीन म्हणाला. चालवीन नाही म्हणाला. मी गणिताची बाई, शब्दांकडे माझं लक्ष नसतं.

डिसेंबरात डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि बाहेर बसलेल्या गर्दीकडे एकदा पाहिलं. "क्या बात है मॅडम. ऐसा रिकॉर्ड कोई नहीं रखता." छातीला नळी लावली, दम लागतो का विचारलं. नवरा म्हणाला, नाई. गोळ्या त्याच ठेवल्या. पुढच्या महिन्यात यायचं होतं, ते त्यांनी खोडून लिहिलं: दोन महिन्यांनी.

या दोन महिन्यांत माझ्या डोळ्यांसमोर काय काय होतं, ते सांगते. तो एकाऐवजी दोन उशा घ्यायला लागला होता. मी विचारलं, तर मान दुखते म्हणाला. घरातही लोकरीचे मोजे घालायचा. मला वाटलं, थंडी. मीटरच्या काचेवर ओरखडे पडायला लागले होते, त्यावर मी त्याला ऐकवलं की एवढी निवडून आणलेली वस्तू, जरा जपून वापरा. खांद्यावरच्या दुपट्ट्याला रोज माती आणि ग्रीस. आणि शेजारीण एकदा सरळ म्हणाली होती, "बाई, तुमची सायकल लय बिघडते वाटते. जवा पाहावं तवा पाळीवर उलटी करून बसलेले रायते." मी तिला म्हणाले, जुनी झाली आहे. आणि घरात जाऊन आठ पॉइंट दोन लिहिलं.

फेब्रुवारीत एका सकाळी तालुक्याच्या गावी आमची बैठक होती. ती ऐन वेळी रद्द झाली आणि मी साडेदहालाच घरी परतले. दाराला कुलूप. किल्ली त्याच्याकडे. म्हटलं, येईलच पाळीवरून, आपणच समोर जाऊ.

पाळीवरच्या जांभळीखाली सायकल उलटी होती. सीटखाली दुपट्टा घडी करून घातलेला. तो दगडावर बसला होता. तळहातानं पुढच्या चाकाला एक फटका मारायचा, चाक सर्रकन फिरायचं, आणि ते मंद होईपर्यंत तो झाडाला डोकं टेकून तोंडानं श्वास घ्यायचा. मग पुन्हा फटका. बाजूला तुडुमाच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. नहराकडे जाणाऱ्या वाटेवर सायकलच्या चाकोरीत गवत उगवलेलं होतं.

मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यानं मला पाहिलं. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? तो कसा आहे हे मी विचारलं नाही.

"किती झाले?"

त्यानं वाकून हँडलखाली पाहिलं. "पाच पॉइंट सहा." मग जरा थांबून, श्वास गोळा करून म्हणाला, "बस थोडी. आठ होऊ दे, मंग जाऊ."

मी फिरत्या चाकात हात घातला आणि ते थांबवलं. तारांनी बोटं सोलून निघाली. मी काय काय ओरडले ते मला आठवत नाही. जगायचं नाही का तुम्हाला, असं काहीतरी. तो म्हणाला, "कायले ओरडून राहिली? लोक पाहून राहिले." मी खाली बसून त्याचे मोजे ओढून काढले. घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि तो खड्डा भरेचना.

त्याच दुपारी गोंदिया. डॉक्टरांनी तपासलं, मग वही मागितली. मी उलट्या सायकलबद्दल सांगितलं. त्यांनी वही उघडली नाही, तशीच मला परत दिली. "ये कब से चल रहा है, मॅडम?" त्यांनी आवाज चढवला नाही, पण मला चढवलेला चालला असता. म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर औषध वाढवून काही करता आलं असतं. आता बघू.

दवाखान्यात तो बोलायच्या अवस्थेत होता तोवर मी त्याला एकदाच विचारलं. मला वाटलं होतं, तो काहीतरी गमतीचं बोलून उडवून लावेल.

"आठ पाहिले का तू नीट जेवत होती," तो म्हणाला. "आदी जेवत नव्हती."

"मंग मी किती दिवस जेवली असती तशी?"

"मले वाटलं, उन्हाळ्यापावतो बरं वाटंल मले. मंग खरंच चालवली असती." थोड्या वेळानं म्हणाला, "तसा हिशेब होता."

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, तो गेला. मी बाहेर गोळ्या आणायला गेले होते.

तेरवी झाली, नातेवाईक पांगले. सायकल कुणाला तरी देऊन टाका असं शेजारीण म्हणाली. देण्याआधी मी मीटर तेवढा काढून घेतला. काढताना चाक जरा हललं आणि मीटर जागा झाला, निमूट पुढचे आकडे मोजायला लागला. सीटवर कुणी बसलेलं आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ते दुकानदारानं मला आधीच सांगितलं होतं. आणि चाक हातानं फिरवलं तरी मीटर ते धरतो, हे नवऱ्याला मी शिकवलं होतं, अंगणात, शंभर फेऱ्या मोजून.

डॉक्टरांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. कधीपासून? मी वही घेऊन बसले. उत्तर शोधायला वेळ लागला नाही. खऱ्या माणसाचे आकडे हलतात. आठ पॉइंट दोन, सात पॉइंट नऊ, मधेच शून्य. एका दिवसापासून ते हलायचे थांबले. त्या दिवसानंतर एकही आकडा आठच्या खाली नाही, एकही शेरा नाही, पाहुणे नाहीत, पंक्चर नाही. रोज आठ आणि वर थोडंसं, उण्यात कधीच नाही, पाणकरानं मोजून द्यावं तसं. आणि त्याच्या आदल्या दिवशीच्या ओळीत, माझ्या वळणदार अक्षरात, अंतर सहा पॉइंट चार.

ती खूण होती. डॉक्टरांनी सांगितलेली पहिली खूण. मी पुठ्ठ्यावर लाल पेनानं लिहिलं होतं, कारण विचारू नये, लगेच नेणे. माझ्यापुढे ती आकड्यात मांडून ठेवलेली होती, आणि मी कारण विचारलं. त्यानं कारण दिलं. मी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं: वारा.

मी ती ओळ पाहत बसले होते आणि मला ती संध्याकाळ आठवली. नाकात गेलेला कोंडा, उतू गेलेला चहा. त्या दिवशी सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं. शेजारीण दिवसभर सूप हातात घेऊन अंगणात वाट पाहत बसली होती, आणि धान काही उफणता आलं नव्हतं. म्हणूनच ती आमचा पंखा मागायला आली. मीच खिडकीतून वायर काढून दिली, पंखा लावून दिला, घरात आले, आणि वहीत लिहिलं, वारा.